पितळेचं कडं: गिअर टाकताना हाताला नेमकं काय कळतं

म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडून बाकावर ठेवला होता. मेस्त्रींनी त्यातून एक कडं काढलं, रॉकेलमध्ये बुडवलं, चिंधीने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं, बांगडीएवढं, बाहेरच्या कडेला बारीक दात. "आतून नख फिरव, बाय," ते म्हणाले. फिरवलं. नख गुळगुळीत घसरत गेलं. मग त्यांनी पुड्यातलं नवं कडं हातात दिलं. त्याच्या आत नखाला खरखर लागली, बाटलीच्या झाकणाला असतात तसे आटे, पण कितीतरी बारीक.

"तुझा तिसरा गिअर ओरडत होता ना, तो ह्या आट्यांसाठी."

माझा एकोणीस वर्षांचा भाचा सोबत होता. तो गिअर नसलेल्या स्कूटरवर वाढला आणि गाडी शिकला तीही ऑटोमॅटिक. त्याला त्या कड्याचं काही पडलेलं नव्हतं. घरी येताना म्हणाला, "मावशी, पोर्शची ऑटोमॅटिक माणसापेक्षा जलद गिअर बदलते. मग लोक जास्तीची वाट बघून मॅन्युअल का घेतात? नुसतं मिरवायला?"

मिरवणं असतंच थोडं, नाही कशाला म्हणू. पण त्याला उत्तर द्यायचं तर त्या पितळेच्या कड्यापासूनच सुरुवात करावी लागते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एकच काम पुन्हा पुन्हा चालतं: वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दोन गोष्टींचा वेग जुळवायचा आणि मग त्यांना एकमेकींत अडकवायचं. हाताला आणि पायाला जे काही जाणवतं ते या जुळवाजुळवीचंच.

गिअर मुळात लागतात कशाला

इंजिनाला ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच जोर असतो. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या खाली ते रडतं, सात-आठ हजारांच्या वर बहुतेक इंजिनं जाऊ शकत नाहीत. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. मधली सांधेजोड गिअर करतात.

आकड्यांत बघू. माझ्डाची एमएक्स-5 ही दोन माणसांची छोटी, उघडी गाडी आहे. भारतात ती विकली जात नाही, पण मॅन्युअल गिअर कसा लागावा याचा दाखला म्हणून जगभर हिचंच नाव घेतात. तिच्या सध्याच्या पिढीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर 5.087 आहे, दुसऱ्याचं 2.991, तिसऱ्याचं 2.035 आणि सहाव्याचं बरोबर 1. पुढे मागच्या चाकांपाशी आणखी एक कायमची घट असते, 2.866 ची. म्हणजे इंजिन 3,000 फेऱ्यांवर असताना पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साधारण 23 किलोमीटरने जाते, दुसऱ्यात 40 ने, तिसऱ्यात 58 ने आणि सहाव्यात 119 च्या आसपास. इंजिन तेवढंच फिरतंय, रस्ता मात्र वेगळ्या चालीने सरकतोय.

यातले 40 आणि 58 लक्षात ठेवा, पुढे गोव्याहून बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटात लागतील.

गिअर सरकत नाहीत

बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की दांडा ओढला की आतली दातेरी चाकं सरकतात आणि एकमेकांत जाऊन बसतात. खूप जुन्या गाड्यांत तसंच होतं. आजच्या गाडीत पुढे जाण्याचे सगळेच गिअर सतत एकमेकांत गुंतून फिरत असतात, तुम्ही न्यूट्रलमध्ये असलात तरी. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या आसावर, मोकळं असतं, हातात सैल बांगडी फिरावी तसं. गिअर टाकणं म्हणजे त्यातल्या एकाच सैल चाकाला शाफ्टशी पक्कं करणं. हे काम करते ती सरकणारी बाही, मेस्त्री लोक तिला स्लीव्ह म्हणतात. दांड्याला जोडलेला एक काटा या स्लीव्हला इकडून तिकडे ढकलतो. एवढंच. गिअर चुकला की येणारा 'कर्र' आवाजसुद्धा मोठ्या दात्यांचा नसतो. स्लीव्हचे दात सैल चाकाच्या कडेला असलेल्या छोट्या दातांवर घासतात, त्याचा असतो.

मोठे दाते तिरपे कापलेले असतात म्हणून ते गुपचूप फिरतात. रिव्हर्सचे बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले असतात. अंगणातून गाडी मागे घेताना जो 'वूंऽऽ' ऐकू येतो तो या सरळ दात्यांचा. गाडीच्या स्पर्धांमधल्या गिअरबॉक्समध्ये पुढचे गिअरही असेच सरळ कापतात, म्हणून त्या गाड्या आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घोंघावतात.

आता अडचण अशी, की तुम्ही तिसऱ्यातून दुसऱ्यात जाता तेव्हा दुसऱ्याचं सैल चाक शाफ्टपेक्षा सावकाश फिरत असतं. पळत्या दातांत मंद दात घुसवायचे कसे?

आमच्याकडे खासगी बसमध्ये चढताना जे करतात तसं. बस पूर्ण थांबत नाही, कंडक्टर दारात लटकून "चल चल चल" करत असतो. तुम्ही उभ्या जागेवरून उडी मारलीत तर तोंडावर पडाल. चार पावलं बसबरोबर पळता, तुमचा आणि बसचा वेग एक होतो, आणि मग पाय फळीवर अलगद पडतो.

ही चार पावलं पळण्याचं काम पितळेचं कडं करतं. त्याला सिंक्रो रिंग म्हणतात. स्लीव्ह आधी या कड्याला पुढे रेटते. कड्याची आतली बाजू उतरती, शंकूसारखी असते, आणि ती सैल चाकाच्या तशाच शंकूवर जाऊन घासते. बारीक आटे असतात ते मधलं तेल कापून बाजूला सारायला. नाहीतर कडं तेलावर तरंगत राहील आणि पकडणारच नाही. घर्षणाने सैल चाकाचा वेग बदलत शाफ्टच्या वेगाला येतो.

पण यातली खरी अक्कल पुढे आहे. वेग जुळेपर्यंत घर्षण त्या कड्याला थोडंसं, जेमतेम अर्धा दात, बाजूला फिरवून धरतं. त्यामुळे कड्याच्या बाहेरचे दात बरोबर स्लीव्हच्या वाटेत आडवे येतात. तुम्ही कितीही ढकला, वाट बंद. ज्या क्षणी दोन्ही वेग एक होतात त्या क्षणी घर्षणाचा ओढा संपतो, कडं सैल पडतं, स्लीव्ह त्याला हलकेच बाजूला सारते आणि पुढे जाऊन बसते. तुमच्या तळहाताला हे असं कळतं: आधी थोडी ढकल, मग एक मऊ अडथळा, मग तो अडथळा आपोआप विरघळून 'टुक्'. हा मऊ अडथळा म्हणजे वेग जुळतायत. त्या वेळी दांड्याशी मारामारी करायची नसते, नुसता दाब धरून ठेवायचा. दांडा आपटणारा माणूस त्या कड्याचे आटे रोज थोडेथोडे खातो.

1928 मध्ये कॅडिलॅकने ही व्यवस्था पहिल्यांदा बाजारात आणली. त्याआधी चालकालाच पाय आणि कान वापरून वेग जुळवावे लागत. डिचोलीला माझं माहेर. लहानपणी दारावरून खाणीचे ट्रक धूळ उडवत जायचे, आणि जुने ड्रायव्हर एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचे. एकदा दाबून न्यूट्रल, पाय सोडून जराशी रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. आम्हा मुलांना वाटायचं की चुकून होतंय. ते सिंक्रो रिंगचं काम पायाने करत होते.

माझं कडं कशाने गेलं? दीड वर्षापूर्वी भलतीकडे गिअरबॉक्सचं तेल बदलून घेतलं आणि तिथल्या पोराने डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीचं, तेल ओतलं. सगळं 'गिअर ऑइल'च, असा त्याचा हिशेब. पण डिफरन्शियलच्या तेलात, जीएल-5 म्हणतात त्यात, गंधकाची रसायनं जास्त असतात. ती पितळेला चावू शकतात, वर तेल इतकं निसरडं होतं की कड्याची पकडच सुटते. गाडीच्या पुस्तिकेत जे तेल लिहिलंय तेच घालायचं, हे मी साडेअकरा हजार रुपये मोजून शिकले.

चोडणची फेरी आणि क्लच

सिंक्रो रिंग जुळवते ती फक्त गिअरबॉक्सच्या आतली मंडळी: दोन शाफ्ट आणि क्लचची हलकी तबकडी. इंजिन या गणितात नसतं, कारण तेवढ्या वेळापुरतं क्लचने ते तोडून बाजूला ठेवलेलं असतं. गिअर 'टुक्' करून बसला तरी इंजिन अजून वेगळ्याच चालीने फिरतंय. दुसरी जुळवाजुळव क्लच सोडताना होते. गिअर टाकणं ही एक नव्हे, दोन भेटी आहेत. भाच्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा फोनमधून मान वर काढून बघायला लागला.

इंजिनाच्या टोकाला जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या समोर प्रेशर प्लेट. दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली. दाब देणारी स्प्रिंग ताटलीसारखी असते आणि तिला मध्याकडे बोटं फुटलेली असतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा तेलाच्या दाबाने एक बेअरिंग त्या बोटांना आत ढकलतं, ताटली उलट वाकते आणि मधली प्लेट सुटी होते. पाय वर आणला की पुन्हा घट्ट. या दोन टोकांच्या मध्ये बोटभर जागा अशी असते जिथे प्लेट घसरतेही आणि ओढतेही. हाफ क्लच.

ही जागा कुठे आहे ते पायाला शिकवायला चोडणच्या फेरीच्या रायबंदर धक्क्यासारखं दुसरं ठिकाण नाही. ओहोटी असली की फेरीबोट खाली बसते आणि उतरताना तोच रॅम्प चढणीसारखा समोर उभा राहतो. पुढे स्कूटरवाले, मागे दोन बोटांवर दुसऱ्याची गाडी, आणि फेरीवरचा माणूस हाताने 'ये, ये' करतोय. हँडब्रेक ओढलेला. डावा पाय सावकाश वर. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित जाड होतो, बॉनेट केसभर उचलल्यासारखं वाटतं, सीटमधून बारीक थरथर येते. क्लचने पकडलं. आता हँडब्रेक सोडला तरी गाडी मागे येत नाही. भाचा तिथे दोनदा बंद पडला आणि तिसऱ्यांदा चढला. नव्या गाड्यांत चढणीवर ब्रेक आपणहून दोन क्षण धरून ठेवणारी सोय असते, त्यामुळे हे शिकायची वेळ येत नाही. चांगली सोय आहे, पण पाय अडाणी राहतो.

स्पोर्ट्स कारचा क्लच जड का लागतो तेही इथेच कळतं. इंजिनाचा जोर जितका जास्त तितकी प्लेट जास्त दाबून धरावी लागते. जास्त दाबायची तर स्प्रिंग कडक, स्प्रिंग कडक तर पेडल जड. यातून सुटायला कुणी एकाऐवजी दोन प्लेटी घालतात, कुणी पेडलला मदतनीस स्प्रिंग लावतं. तरीही मर्यादा येतेच. सध्याच्या पिढीची बीएमडब्ल्यू एम3 मॅन्युअलमध्ये आली ती 550 न्यूटन-मीटर जोराची. 'कॉम्पिटिशन' नावाच्या ऑटोमॅटिक आवृत्तीला त्यांनी 650 दिले. इंजिनाची जात एकच.

चोर्ला घाट, तिसऱ्यातून दुसऱ्यात

आता ते 40 आणि 58. साखळी, केरी ही गावं सोडून चोर्ल्याकडे वर चढताय. समजा, गाडी एमएक्स-5 आहे, तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी 58 किलोमीटर, इंजिन 3,000 वर. समोर अवघड वळण, दुसरा हवा. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किती फिरायला हवं? 3,000 ला 2.991 ने गुणा, 2.035 ने भागा. साधारण 4,400.

तुम्ही काहीच न करता दुसरा टाकून क्लच सोडलात, तर हे वाढीव 1,400 फेरे इंजिनाला कोण देणार? चाकं देणार. रस्त्यावरून ओढून घेणार. नाक खाली जातं, शेजारी बसलेल्याची मान पुढे येते. पावसात, शेवाळलेल्या वळणावर मागची चाकं ओढणारी गाडी असेल, तर या एका हिसक्याने मागची पकड सुटू शकते. म्हणून क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने एक्सलेटरला छोटा टोला द्यायचा, इंजिन 4,400 च्या आसपास उसळलं की क्लच सोडायचा. बरोबर जमलं तर काहीच होत नाही, फक्त आवाजाची पट्टी बदलते.

पण वळणाआधी उजवा पाय ब्रेकवर असतो, मग टोला द्यायचा कशाने? पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाची बाहेरची कड किंवा टाच एक्सलेटरवर कलती करायची. हील अँड टो. चपला घालून जमत नाही, हे आधीच सांगते. स्पोर्ट्स कारमध्ये ब्रेक आणि एक्सलेटर शेजारी शेजारी, साधारण एका पातळीत बसवलेले असतात ते याचसाठी. इंग्लंडला नात्यातल्या एकांची एमएक्स-5 दोन दिवस चालवायला मिळाली होती. पहिल्या दिवशी माझा टोला कधी कमी, कधी जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच असा बसला की दांडा खाली गेल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. त्या एका वेळेची चव अजून हातात आहे.

आता हा टोला गाडी स्वतः देते. 2009 च्या निसान 370झेडने तो पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणला. दांडा कोणत्या फटीकडे निघालाय हे सेन्सर ओळखतो, चाकांचा वेग माहीत असतो, गुणाकार-भागाकार संगणक करतो आणि इंजिनाला नेमकी रेस देतो. होंडाच्या सिव्हिक टाइप आरमध्ये आहे, टोयोटाच्या काही जीआर गाड्यांत आहे, पोर्शमध्ये आहे. आणि बहुतेकांत ती सोय बंद करायची तजवीजही आहे, कारण घेणाऱ्याला ती चूक स्वतःच करायची असते.

इथे नावाचा एक घोळ सोडवून टाकते. टोयोटा या सोयीच्या मॅन्युअलला आयएमटी म्हणते. तिथे क्लच पेडल असतं. आपल्याकडे 2020 पासून किया आणि ह्युंदाईच्या गाड्यांतही आयएमटी नावाचा प्रकार आला. त्यात क्लच पेडलच नसतं, दांडा हलवला की क्लच यंत्र दाबतं. अक्षरं तीच, वस्तू अगदी उलट.

संगणक वाचवू शकत नाही अशी चूकही एक आहे. चौथ्यातून पाचव्यात जायच्या घाईत हात वळला आणि तिसरा पडला. इंजिन आधीच शिखरावर, आता चाकं त्याला त्याच्याही वर फरफटत नेतात. इंधन तोडून इंजिनाला आवरता येतं, पण चाकांनी फिरवलेल्या इंजिनाला आवरायला काहीच नसतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते आणि बिल असं येतं की या चुकीचं जगभरचं नावच 'मनी शिफ्ट' आहे. उपाय साधा आहे. दांडा मुठीत आवळायचा नाही. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलमध्ये सोडलेला दांडा स्प्रिंगमुळे आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येऊन थांबतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना उघड्या तळव्याने नुसता पुढे ढकला, मधे त्याला सोडा. वाट त्याला माहीत असते.

'फील' कुठून येतो

बाबांच्या जुन्या जीपचा दांडा कुळागरातल्या पोफळीसारखा डुलायचा. गिअर पडला की नाही हे क्लच सोडल्यावर कळायचं. नव्या स्पोर्ट्स कारचा दांडा मनगटाच्या हालचालीत इकडून तिकडे जातो. फरक कुठे आहे?

एक तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यातल्या अंतरात. एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स बरोबर दांड्याखाली असतो, हात जवळजवळ थेट स्लीव्हवर. आडवं इंजिन पुढे असलेल्या गाडीत दांड्यापासून दोन केबली जातात, आणि केबल म्हटली की थोडा ताण, थोडी ढिलाई आलीच. टाइप आरसारख्या गाडीत तरीही दांडा इतका नेटका वाटतो, ते होंडाच्या लोकांचं कसब.

मग खाच. आतल्या दांड्याला बारीक खड्डे असतात आणि स्प्रिंगने दाबलेली गोळी त्यांत पडते. 'टुक्' मधला अर्धा भाग या गोळीचा. आणि मुठीचं वजन. मूठ जड असली की सुरुवातीला मिळालेल्या गतीने दांडा तो मऊ अडथळा ओलांडून जातो. दांडा आखूड केला की हालचाल कमी होते पण जोर जास्त लागतो. हे तरफेचं गणित आहे, त्यातून कुणाची सुटका नाही. बाजारात मिळणारे आखूड दांडे बसवून घेणाऱ्यांना हे पैसे दिल्यावर कळतं.

बिघडवणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या नव्या गाड्यांतच जास्त. जात्याची वरची पाळ जितकी जड तितकं जातं एकसारखं फिरतं, पण थांबवायलाही जड. फ्लायव्हीलचं तसंच. आज बऱ्याच गाड्यांत दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. गिअरबॉक्सचा खडखडाट त्याने शोषला जातो, पण वजन वाढतं आणि इंजिन टोल्याला आळशासारखं उत्तर देतं. त्यात प्रदूषणाच्या नियमांसाठी पाय काढला तरी हवेची झडप लगेच बंद होत नाही. गिअर वर टाकताय आणि फेरे खाली यायचं नावच घेत नाहीत. काही कंपन्या क्लचच्या तेलाच्या वाटेत मुद्दाम बारीक भोक ठेवतात, नवख्याचा पाय पटकन सुटला तर धक्का बसू नये म्हणून. सरावलेल्या पायाला मग क्लच ओल्या टॉवेलमधून पकडल्यासारखा लागतो.

म्हणूनच पोर्शने 2023 च्या 911 एस/टी मध्ये मुद्दाम हलका क्लच आणि एकाच तुकड्याचं हलकं फ्लायव्हील घातलं. गाड्या काढल्या 1,963. पहिली 911 ज्या वर्षी दिसली त्या 1963 चा मान राखायला.

हळू असूनही

शर्यतीत हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय. 1989 मध्ये ब्राझीलच्या फॉर्म्युला वन ग्रां प्रीत नायजेल मॅन्सेल स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी फेरारी घेऊन उतरला आणि त्या गाडीच्या पहिल्याच शर्यतीत जिंकला. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत दोन क्लचचे गिअरबॉक्स आले. एका क्लचवर एक, तीन, पाच. दुसऱ्यावर दोन, चार, सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदल म्हणजे फक्त एक क्लच सोडून दुसरा धरणं. जोर मधे तुटतच नाही. माणसाचा हात इथे हरणारच.

पोर्शने म्हणूनच 2013 च्या 911 जीटी3 मधून मॅन्युअल काढून टाकला. घेणाऱ्यांनी इतकी कुरकुर केली की 2016 मध्ये फक्त मॅन्युअल असलेली 911 आर आली, मोजून 991 गाड्या, आणि 2017 मध्ये जीटी3 ला मॅन्युअल परत मिळाला. त्यापुढच्या पिढीच्या जीटी3 चे कंपनीनेच दिलेले आकडे बघा: शून्य ते शंभर, ऑटोमॅटिक 3.4 सेकंद, मॅन्युअल 3.9. अर्धा सेकंद. शर्यतीत हे अंतर फार मोठं, चोर्ल्यात शून्य. तिथे रस्त्यात गुरं बसलेली असतात.

भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर या अर्ध्या सेकंदात आहे. ऑटोमॅटिक तो वाचवते. मॅन्युअलमध्ये त्याच अर्ध्या सेकंदात दोन वेग एकमेकांना भेटतात आणि ती भेट तुमच्या हातापायांतून होते. ज्यांना ती नको त्यांचं काही चुकत नाही. पर्वरीच्या रांगेत संध्याकाळी सहाला मलाही नको असते.

विजेच्या गाडीत तर जुळवायला दोन वेगच नाहीत; बहुतेकींना एकच गिअर. तरी ह्युंदाईच्या आयोनिक 5 एनमध्ये खोटे आठ गिअर घातलेत. पट्टी ओढली की मोटरचा जोर क्षणभर मुद्दाम तोडतात, धक्का देतात, इंजिनासारखा आवाज काढतात. भाच्याला ते फार आवडलं, मला हसू आलं. पण त्या धक्क्याचं मोजमाप करायला कुणीतरी बसलं असेल, तो कुठल्या तरी जुन्या दुसऱ्या गिअरवरूनच घेतला असेल.

भारतात बघायचं तर 2023 मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम2 सहा गिअरच्या मॅन्युअलसह मिळू लागली, कोटीच्या घरात. आपल्या आवाक्यात मॅन्युअलसह आलेल्या गाड्या म्हणजे ह्युंदाई आय20 एन लाइन किंवा फोक्सवॅगन, स्कोडाच्या दीड लिटर टर्बो सेडान. या स्पोर्ट्स कार नव्हेत, पण कडं, गोळी, खाच, क्लच सगळं तेच.

चालवून बघायला गेलात तर सेल्समनला गाडी आधी गरम करून ठेवू देऊ नका. गार तेलात दुसरा गिअर कसा पडतो ते बघा. दांड्यावर नुसता दाब धरून तो मऊ अडथळा शोधा. थांबलेल्या गाडीत एक्सलेटरला टोला देऊन फेरे किती लवकर खाली येतात ते ऐका. मग मोकळा रस्ता मिळाला की चाळीसच्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका, एकदा रेस देऊन आणि एकदा न देता. न देता टाकायच्या आधी शेजारी बसलेल्याला सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, तर बिचाऱ्याचं डोकं डॅशबोर्डला लागलं.